जुनी औषधपेटी हातात आली? आधी या चुका टाळा

माझ्या हाती आलेल्या पहिल्या औषधपेटीशी जे जे करायला नको होतं ते सगळं मी एका दिवसात केलं. पेटी महोगनीची, चपलांच्या खोक्याहून थोडी मोठी, पुढे कपाटासारखी दोन दारं, खाली खण, वर दुमडून बसणारी पितळी मूठ. मी दार उघडलं, एका चौकोनी बाटलीचं काचेचं बूच ओढून काढलं आणि सरळ नाक लावलं. मग ओल्या फडक्यानं बाटल्या पुसल्या. फडकं पिळलं तेव्हा एका लेबलावरची शाई पाण्याबरोबर मोरीत गेली. संध्याकाळी लाकडाला खोबरेल चोळलं, कारण आमच्या घरी देव्हाऱ्यापासून पाळण्यापर्यंत सगळ्या लाकडाला खोबरेलच लागतं. आठवड्याभरात तिच्यावर अशी धूळ चिकटली की बोटानं नाव लिहावं.

या पेट्या मुळात इंग्लंडच्या. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत तिथल्या सुखवस्तू घरात, गावच्या पाद्र्याकडे, जहाजाच्या कप्तानाकडे अशी पेटी असायची. डॉक्टर लांब आणि महाग, म्हणून घरच्या घरी वजन करून, खलून औषध द्यायचं. लंडनमध्ये न्यू बाँड स्ट्रीटवरच्या सेव्हरी अँड मूरसारखे औषधविक्रेते त्या भरून विकत. हिंदुस्थानात नोकरीला निघालेल्या साहेबाच्या सामानातही ती असे. थोडक्यात, साहेबाच्या आजीबाईचा बटवा, फक्त कुलूपबंद. लंडनच्या पोर्टोबेल्लो रोडवर त्या दिसतात, मुंबईत चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवर एखादी सापडते, आणि कधी जुन्या घराच्या माळ्यावरून ‘दागिन्यांची पेटी’ म्हणून खाली उतरते.

पाठीमागचा चोरकप्पा

पेटी घरी आली की आधी टेप घ्या. पेटीची खोली बाहेरून मोजा, मग आतून. बाहेरून २० सेंटिमीटर आणि आतून १४ भरली, तर मधले ६ गेले कुठे? बऱ्याच दोन-दारी पेट्यांना पाठीमागे विषाचा कप्पा असतो. मागची फळी खोबणीत सरकते, आणि ती अडकवणारी खीळ पेटीच्या आत असते, एखाद्या बाटलीच्या मागे किंवा खण काढल्यावर दिसेल अशी. म्हणजे पुढचं कुलूप उघडल्याशिवाय मागचा कप्पा उघडायचाच नाही. नोकरमाणसं आणि पोरं यांच्यापासून विष लांब ठेवायची ही साधी, हुशार सोय.

यात दोन चुका होतात. काही लोकांना हा कप्पा आहे हेच कळत नाही, आणि पेटी वर्षानुवर्षं मुलांच्या खोलीत शोभेला राहते. काहींना कळतं, मग ते फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून फळी उचकटतात. खोबणीची कड तुटली की ती दुरुस्ती कधीच लपत नाही. खीळ सापडत नसेल तर सगळ्या बाटल्या आणि खण बाहेर काढून टॉर्च मारा. लाकडात गोल पितळी टोक किंवा छोटी चीर दिसेल. फळी पावसाळ्यानं फुगून अडकली असेल तर जोर लावू नका, कोरड्या हवेची वाट पाहा. नोव्हेंबरात ती आपोआप सरकते.

बाटली उघडू नका

मी ज्या बाटलीचा वास घेतला तिच्यात करडी पूड होती. ते कॅलोमेल असणार, म्हणजे पाऱ्याचा क्षार. मूळचं पांढरं, उजेडात राहिलं की फुटतं, त्यातून पारा सुटतो आणि पूड करडी पडते. त्या काळी पोट साफ करायला ते सर्रास देत. आफ्रिकेत फिरणारा मिशनरी डॉक्टर लिव्हिंग्स्टन तापावर ज्या गोळ्या देई, त्यांत क्विनाइन, रेवंदचिनी, जालप या जुलाबाच्या मुळीची राळ आणि हेच कॅलोमेल असे. शेजारच्या बाटल्यांत काय असू शकतं? लॉडनम, म्हणजे अल्कोहोलमध्ये विरघळवलेली अफू. टार्टार एमेटिक, म्हणजे अँटिमनी या विषारी धातूचा क्षार. शुगर ऑफ लेड, नावात साखर, चवीला गोड आणि प्रत्यक्षात शिसं. मागच्या कप्प्यात आर्सेनिक किंवा स्ट्रिक्नीनही निघू शकतं. इंग्लंडात आर्सेनिकच्या विक्रीवर कायदा आला १८५१ मध्ये, आणि ठरावीक विषांच्या बाटलीवर ‘विष’ असं लिहिणं १८६८ च्या फार्मसी कायद्यानं सक्तीचं केलं. त्याआधीच्या बाटलीवर धोक्याची खूण नसेल, म्हणून ती निर्धोक आहे असं मुळीच नाही.

दोन गोष्टींना तर हातच लावायचा नाही. जुना इथर वर्षानुवर्षं हवेशी संयोग होऊन स्फोटक पेरॉक्साइड बनवतो. आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या प्रथमोपचार पेट्यांत भाजल्यावर लावायला पिक्रिक ॲसिड असे. त्याचे पिवळे खडे पूर्ण सुकलेले असले तर घर्षणानंही भडका उडू शकतो, आणि ते बुचाच्या गळ्यात साचलेले असतात. बूच फिरवणं म्हणजे नेमकं ते घर्षण. असं काही दिसलं तर बाटली जागेवर ठेवा, खोली बंद करा आणि अग्निशमन दलाला कळवा. हसतील, हसू देत.

बाकीच्या बाटल्यांचं काय? हातमोजे घाला, खिडकी उघडा, बाटल्या आहेत तशा उभ्या ठेवून फोटो काढा, कोणती कुठल्या घरात होती ते कागदावर आखून ठेवा. आतला माल बेसिनमध्ये ओतू नका. पारा आणि शिसं तिथून आपल्याच नदीत जातं. जवळच्या फार्मसी कॉलेजातल्या जाणकाराला विचारा, रासायनिक कचरा नीट लावणारी संस्था ते सुचवू शकतात. लेबलावर अफूचं नाव असलेली भरलेली बाटली ‘जुनी आहे’ म्हणून घरात ठेवणंही बरं नाही. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्याला बाटलीच्या वयाचं कौतुक नाही.

रिकामी, स्वच्छ बाटली असेल आणि बूच अडकलं असेल, तेव्हाच पुढचा उपाय. स्पिरिट आणि ग्लिसरीनचे चार थेंब बुचाच्या कडेनं सोडा, दोन-तीन दिवस जाऊ द्या, मग लाकडी चमच्याच्या दांड्यानं दोन्ही बाजूंनी हलके टकटक करा. पक्कड लावू नका. सगळी बुचं एकदम काढून एका वाटीत टाकणं हीसुद्धा चूकच, कारण प्रत्येक बूच आपापल्या बाटलीच्या गळ्यात घासून बसवलेलं असतं. अदलाबदल झाली की एक सैल होतं आणि दुसरं कायमचं अडकतं.

लेबल वाचताना

लेबल धुवू नका हे आता सांगायला नको, माझ्या मोरीनं ते सांगितलंच आहे. सुटलेलं टोक चिकटपट्टीनं दाबू नका. चिकटपट्टीचा गोंद पिवळा पडतो आणि कागदात उतरतो. तांदळाची किंवा गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ पुरते.

वाचनात मात्र हमखास गफलत होते ती मापाची. जुन्या कागदावर ‘जीआर’ असं आखूड लिहिलेलं दिसलं की आपण ग्रॅम समजतो. तो ग्रेन असतो. एक ग्रेन म्हणजे जेमतेम ६५ मिलिग्रॅम, आणि एका ग्रॅममध्ये साडेपंधरा ग्रेन बसतात. म्हणजे चूक पंधरापटीची. त्यांचा हिशेब असा: २० ग्रेनचा एक स्क्रूपल, ३ स्क्रूपलचा एक ड्राम, ८ ड्रामचा एक औंस, आणि औषधविक्रेत्याचा पौंड १२ औंसांचा, किराण्याचा १६ चा नव्हे. मराठी डोळ्याला यात आणखी एक खड्डा आहे. ड्रामचं चिन्ह हुबेहूब आपल्या ३ सारखं दिसतं, आणि औंसाचं चिन्ह त्याच्याच डोक्यावर एक जादा वळण घेतं. एका ओळखीच्यांनी अशी चिठ्ठी मोठ्या उत्साहानं वाचून दाखवली होती. त्यात प्रत्येक औषध ‘तीन’च घ्यायचं होतं.

खणातली छोटी पितळी वजनं याच मापाची असतात. ती घासू नका. अंक आधीच पुसट असतात, आणि चकचकीत वजन हे हलकं झालेलं वजन.

नवीकोरी करण्याचा सोस

आता लाकूड. सर्वांत जास्त पेट्या इथे मरतात.

घराला रंगकाम चालू असतं, पॉलिशवाला आलेलाच असतो, आणि आपण म्हणतो, ‘ही पण जरा करून द्या.’ तो बिचारा त्याच्या सवयीनं पॉलिश पेपर मारतो आणि वर मेलामाइन किंवा पीयू या कृत्रिम पॉलिशचा फवारा. दोन तासांत पेटी मोबाइलच्या काचेसारखी चमकते. दोनशे वर्षांत हात लागून जी कड गुळगुळीत झाली होती, मुठीभोवती जो काळपटपणा आला होता, तो सगळा भुशात जातो. वरचा थर इतका पक्का असतो की तो काढायला पुन्हा पेपरच लागतो. व्हिनिअर, म्हणजे वर चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा, असेल तर दुसऱ्या फेरीत खालचं लाकूडच दिसायला लागतं.

या पेट्यांवर साधारण १८२० नंतर बहुतेक फ्रेंच पॉलिश असतं, त्याआधी तेल आणि मेण. फ्रेंच पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडी, आणि चपडी म्हणजे आपली लाख. लाखेचे किडे आपल्याकडे पळस, कुसुम, बोर यांवर पोसतात. झारखंड, छत्तीसगडात सर्वाधिक, पण विदर्भात गोंदियाकडेही पळसावर लाख घेतात. कॅरिबियन बेटांतली किंवा होंडुरासची महोगनी लंडनला जायची (१७२१ मध्ये वसाहतींतल्या लाकडावरची जकात उठली आणि तिचा ओघ वाढला), तिथे तिच्यावर हिंदुस्थानची लाख चढायची, आणि ती पेटी बोटीनं पुन्हा हिंदुस्थानात यायची. आपल्याच लाखेवर आपणच पीयू मारायचा, याला काय म्हणावं.

वर काय आहे ते ओळखायला तळाशी, न दिसणाऱ्या जागी, कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये जेमतेम ओला करून टेकवा. चिकट झालं तर चपडी. काहीच झालं नाही तर वर नंतरचं कृत्रिम पॉलिश किंवा मेण असू शकतं, मग घाई करू नका.

चपडीची खोड अशी, की ओल लागली की ती पांढरी पडते. पावसाळ्यात पेटीवर ढगाळ डाग आले किंवा कुणी गार पाण्याचा पेला ठेवून गोल उठवला, तर लाकूड बिघडलेलं नसतं, फक्त वरच्या थरात ओल अडकलेली असते. आठ-पंधरा दिवस कोरड्या जागेत ठेवा, बरेचसे डाग आपोआप विरतात. राहिला तर मऊ फडक्याच्या बोळ्यावर स्पिरिटचा निव्वळ वास राहील इतकाच ओलावा ठेवून डागावरून झरझर फिरवा, थांबू नका. बोळा एका जागी थबकला की तिथे कायमचा ठसा उठतो. हे जमेल असं वाटत नसेल तर डाग राहू द्या. डागाचं काही बिघडत नाही.

तेलाचं म्हणाल, तर खोबरेल सुकत नाही, धूळ धरतं आणि खवट होतं. अळशीचं तेल सुकतं, पण वर्षागणिक काळं पडतं आणि त्याचा चिवट साका बसतो. वर्षातून एकदा मधमाश्यांच्या मेणाचं पातळ बोट, लगेच कोरड्या सुती कापडानं पुसलेलं, एवढं पुरे आहे.

पितळ

चिंच, लिंबू, भांडी घासायची पूड, यातलं काहीही नको. आंबट पाणी कडीखालून लाकडात झिरपतं, पूड कोपऱ्यात पांढरी साचते आणि मग ती टाचणीनं काढताना लाकडाला ओरखडे. खरंच चमकवायचं असेल तर पितळाच्या कडेनं कागद सरकवून कोरड्या फडक्यानं चोळा. मी आता तेही करत नाही.

पांढरा गोंद की सरस

सांधा निखळला की घरात जो पांढरा गोंद असतो, ज्याला आपण सगळे एका ब्रँडच्याच नावानं ओळखतो, तो लावायचा मोह होतो. तो गोंद चांगला आहे, पण नव्या कपाटाला. जुन्या पेटीत सरस आहे, कातडी-हाडं उकळून केलेला. सरसाचा गुण असा की ऊब आणि ओलावा दिला की तो पुन्हा मऊ होतो. पुढच्या माणसाला सांधा न मोडता उघडता येतो. पांढरा गोंद एकदा आत शिरला की त्यावर सरस धरत नाही आणि सांधा उघडायचा तर लाकूड फाडूनच.

सरस थेट आचेवर उकळू नका. पाण्यात ठेवलेल्या भांड्यात, साधारण ६० अंशांच्या आसपास, हाताला चांगलं गरम पण उकळी नाही असा. उकळला की त्याची पकड जाते, घरभर येणारा वास मात्र जात नाही.

झाकणाला पडलेली चीर पाहून लोक त्यात लांबी (पुट्टी) भरतात. आधी चीर का पडली ते बघा. लाकूड आपल्या रेषांच्या आडवं फुगतं आणि आटतं, रेषांच्या दिशेनं जवळजवळ नाही. लंडनच्या दमट हवेतली फळी एसीच्या कोरड्या खोलीत आली की आडवी आटते. तिच्यावर उलट दिशेनं पट्टी पक्की बसवलेली असेल तर तिला आटायला जागा नाही, मग ती फाटते. अशी चीर पावसाळ्यात मिटते आणि उन्हाळ्यात उघडते. मिटायच्या वेळी आत लांबी घट्ट बसलेली असेल, तर दुसरीकडे नवी चीर पडते. उष्ण प्रदेशात जाणाऱ्या सामानाला कारागीर व्हिनिअरऐवजी अस्सल फळी वापरायचे आणि कोपऱ्यांना पितळी पट्ट्या मारायचे ते याचसाठी. ती पट्टी शोभेची नाही, म्हणून तिचे स्क्रू काढून ‘जरा मोकळं’ करू नका.

सदेली: इथे पाणी म्हणजे शत्रू

औषधपेटी सहसा साधी असते. फार तर पितळेची बारीक रेघ, आतून मखमल. नक्षीचं काम पाहायचं तर ज्यांना इंग्रज ‘बॉम्बे बॉक्स’ म्हणायचे त्या पेट्या घ्या. शिवणकामाच्या, लेखनाच्या, दागिन्यांच्या. त्यांच्यावरचं जडावकाम म्हणजे सदेली. इराणातल्या शिराझहून सिंधमार्गे ही कला सुरतेला आणि मुंबईला आली असं मानतात, आणि एकोणिसाव्या शतकात इथून त्या पेट्या विलायतेला जात होत्या. सुरतेत काही हात आजही हे काम करतात. अशी पेटी आतून कोरून, बाटल्या बसवून ‘नक्षीदार औषधपेटी’ म्हणून विकलेली मी पाहिली आहे. बाटल्यांच्या घरांच्या कडा ताज्या कापलेल्या दिसल्या की समजावं.

सदेली कशी करतात ते कळलं की ती का बिघडते ते वेगळं सांगावं लागत नाही. हस्तिदंत, आबनूस, चंदन, हिरवं रंगवलेलं हाड आणि कथील यांच्या त्रिकोणी, चौकोनी, षटकोनी लांब काड्या घेतात. त्या नक्षीप्रमाणे जुळवून, सरस लावून, दोऱ्यानं घट्ट बांधून एक जुडी करतात. जुडी वाळली की तिच्या आडव्या पातळ चकत्या कापतात. अळूवडीचा उंडा कापावा तसं: प्रत्येक चकतीत तीच नक्षी, तेच वेटोळं. मग त्या चकत्या चंदनाच्या किंवा दुसऱ्या लाकडाच्या पेटीवर चिकटवतात. एका बोटाएवढ्या जागेत पाच वस्तू आहेत. हस्तिदंत ओल पितो, लाकूड वेगळ्या मापानं फुगतं, कथील अजिबात फुगत नाही. या पाचांचा संसार फक्त सरसावर टिकलेला. आणि आपण काय करतो, तर ओलं फडकं फिरवतो.

म्हणून ओलं काही नको, स्पिरिट नको, वाफ तर नकोच. व्हॅक्युम क्लिनर फिरवलात तर सुटलेला तुकडा पिशवीत जाईल आणि तुम्हाला कळणारही नाही. मऊ ब्रश, आणि खाली पांढरा कागद, म्हणजे निसटलेला कण दिसेल. सापडलेला प्रत्येक कण लहान डबीत घालून तारखेसह पेटीतच ठेवा. फुगून उठलेली चकती बोटानं दाबून बसवू नका. तिच्याखाली धूळ आणि जुना सरस भरलेला असतो, दाबली की ती तडकते. हे काम जाणत्या माणसाचंच. तोवर वर मऊ टिश्यू आणि सैल दोरा.

कथलाच्या काड्या काळ्या पडल्या म्हणून घासल्या, तर शेजारचा हस्तिदंतही घासला जातो. हिरवं हाड उन्हात विटतं, ते परत हिरवं होत नाही. चंदनाचा वास गेला म्हणून आतून पॉलिश पेपर मारणारे आणि वरून चंदनाचं तेल ओतणारे असे दोन पंथ आहेत, आणि दोघेही सारखंच नुकसान करतात. पेटी महिनाभर बंद ठेवा, मग उघडा. वास असतो, फक्त त्याला कोंडून राहायला वेळ लागतो.

इंग्लंडात केंटमधल्या टनब्रिज वेल्सला अगदी याच रीतीनं, काड्यांची जुडी कापून, नक्षी करत. पण त्यात निव्वळ लाकूड, वेगवेगळ्या झाडांचे नैसर्गिक रंग. हिरव्यासाठी ते बुरशीनं हिरवं पडलेलं ओक वापरत. बाजारात टनब्रिजच्या पेट्या मुंबईच्या म्हणून खपतात, आणि उलटंही होतं. दहापट भिंग लावा: धातूचा ठिपका चमकला तर सदेली, सगळीकडे लाकडाची छिद्रं दिसली तर टनब्रिज.

हस्तिदंत खरं की प्लास्टिक हे पाहायला तापलेली सुई टोचू नका. खरं असेल तर कायमचं भोक पडलं, आणि सेल्युलॉइड असेल तर ते पेटतं. आणि विकत घेण्याआधी कायदा बघा. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली हस्तिदंताचा व्यापार बंद आहे. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू १९७२ च्याच पुरावस्तू कायद्यानुसार खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. ब्रिटनमध्ये हस्तिदंत कायदा जून २०२२ पासून लागू झाला. तिथे १९४७ पूर्वीच्या, दहा टक्क्यांहून कमी हस्तिदंत असलेल्या वस्तूला सूट मिळू शकते, पण आधी नोंदणी करावी लागते. लंडनमधल्या भाच्याला ‘जाताना आजीची पेटी घेऊन जा’ म्हणण्यापूर्वी हे दोन्ही बाजूंनी तपासा.

वय ठरवताना होणारी फसगत

झाकणाच्या आत औषधविक्रेत्याचं नाव आहे म्हणून पेटी त्यानं बनवली असं नाही. तो भरून विकायचा, पेटी सुताराची. बाटल्याही वापरात बदलत. त्यामुळे बाटली १८८० ची आणि पेटी १८२० ची असणं यात खोटं काही नाही. उलट, सगळ्या बाटल्या एकसारख्या आणि लेबलं ताजी दिसली तर मला शंका येते.

स्क्रू पाहा, पण सगळे नाही, एकच जपून काढा. साधारण १८५० पूर्वीच्या स्क्रूचं टोक बोथट असतं, डोक्यावरची खाच किंचित एका बाजूला. टोकदार, सारख्या आट्यांचा स्क्रू यंत्राचा. चौफुलीची खाच दिसली तर तो विसाव्या शतकातला. एक-दोन बदललेले स्क्रू ही दुरुस्ती, सगळेच बदललेले असतील तर प्रश्न विचारा. तयार औषधाच्या पुडक्यावर सरकारी कराचं तिकीट असेल तर तेही उपयोगाचं: ब्रिटनमध्ये हा कर १७८३ पासून १९४१ पर्यंत होता.

मोठ्या चार-सहा बाटल्यांची, सोनेरी वेलबुट्टीची पेटी औषधपेटी म्हणून दाखवली तर हसून पुढे जा. ती दारूची. औषधपेटीत तराजूला, खलाला, वजनांना घरं कोरलेली असतात.

आणि एक. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बरोज वेलकम कंपनीच्या ‘टॅब्लॉइड’ गोळ्यांच्या पेट्या आल्या. तो शब्द त्यांनी १८८४ मध्ये नोंदवला, आणि पुढे छोट्या आकाराच्या चटपटीत वर्तमानपत्रांना तोच चिकटला. त्यांच्या पेट्या पुष्कळदा रंग दिलेल्या पत्र्याच्या असत. रंग खरवडला की आत छान लाकूड निघेल, या आशेनं एकानं संबंध झाकण खरवडलेलं मी पाहिलं. आत पत्राच होता.

कीड आणि पावसाळा

पेटीखाली पिठासारखी बारीक पूड दिसली तर कीड जिवंत असू शकते. पूड झाडून दोन आठवड्यांनी पुन्हा बघा, म्हणजे खात्री. डांबरगोळ्या लाकडाच्या आतल्या अळीपर्यंत पोचत नाहीत, आणि रॉकेल सोडलं तर पॉलिश आणि सरस दोन्ही जातात. अशी पेटी आधी बाकीच्या लाकडी सामानापासून बाजूला काढा, मग उपाय शोधा. एरवी तिला बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, आणि जिथे एसी रात्री चालू, दिवसा बंद, अशा खोलीत तर नकोच. लाकडाला थंडीही चालते, उकाडाही चालतो. रोजची ये-जा चालत नाही.

कुलूप

चावी नसते. दहातल्या आठ पेट्यांची नसते. किल्लीवाल्याला बोलावण्यापूर्वी चावीचं भोक गोल आहे का ते बघा आणि जवळ ‘ब्रामा’ हे नाव शोधा. जोसेफ ब्रामानं १७८४ मध्ये पेटंट घेतलेलं हे कुलूप. त्याच्या कंपनीनं आपल्या लंडनच्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप ठेवून, उघडणाऱ्याला २०० गिनी देऊ असं आव्हान दिलं होतं. लंडनच्या १८५१ च्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी हॉब्ज नावाच्या अमेरिकन कुलूपवाल्यानं ते उघडलं, पण त्याला सोळा दिवसांत मिळून ५१ तास लागले. तुमचा किल्लीवाला पाच मिनिटांत उघडतो म्हणाला, तर तो कुलूप नाही, झाकण उघडणार आहे.

साधं कुलूप असेल तर बिजागऱ्या पाहा. पेटी बंद असताना बिजागरीचे स्क्रू झाकले जातात, त्यामुळे तिथून वाट नसते. जुन्या चाव्यांचा जुडगा घेऊन बसा, ग्रॅफाइटची पूड फुंका, तेल सोडू नका. माझ्या पेटीची चावी अजून सापडलेली नाही. ती उघडीच असते. पोरं घरी येणार असली की कपाटाच्या वर जाते, मागच्या कप्प्यातल्या तीन बाटल्या रिकाम्या झाल्या असल्या तरी.